दुखणं खरं मानणाऱ्या आपटेबाई

माझ्या खिशाला कायम दोन पेनं असायची. एक लिहायला आणि दुसरं पाडायला. पाडायच्या पेनाचं टोपण सैल होतं आणि निब केव्हाच मोडलेली होती. तरी आमच्या भोपाळच्या कारखान्याच्या इस्पितळात त्या पेनानं जितकी दुखणी उघडी पाडली तितकी एक्स-रे मशीननंही पाडली नसतील, असं मी तेव्हा छाती फुगवून सांगत असे.

मी फिजिओथेरपिस्ट. टाउनशिपमधले लोक मला 'मालिशवाले कुकडेसाहेब' म्हणत. मी दर वेळी त्यांना दुरुस्त करत असे, पण निवृत्तीपर्यंत कुणी दुरुस्त झालं नाही. बाहेरच्या माणसाला आमचं काम थोडक्यात सांगायचं तर हाडांचे डॉक्टर जोडतात आणि आम्ही चालवतो. शेक द्यायचा, आखडलेला सांधा सोडवायचा, व्यायाम शिकवायचा आणि पेशंट तो घरी करत नाही हे ठाऊक असूनही 'करता ना?' असं रोज विचारायचं. कारखान्यात विजेच्या मोठमोठ्या मोटारी बनत. माणसं दिवसभर वाकत, उचलत, ओढत, आणि शिफ्टचा भोंगा झाला की त्यांच्या कंबरा, माना आणि खांदे रांगेनं आमच्याकडे येत.

त्या रांगेत काही सोंगंही येत. कुणाला हलकं काम हवं असे, कुणाच्या गावी लग्न असे आणि रजा संपलेली असे. म्हणून ते दुसरं पेन. समोरचा माणूस 'साहब, जरा भी झुक नहीं पाता' असं म्हणाला की मी बोलता बोलता पेन खाली पाडायचो. तो पटकन वाकून उचलून देई. मी धन्यवाद म्हणे आणि कार्डावर शेरा लिही. आमचे हाडांचे सर्जन डॉक्टर सक्सेना नव्या डॉक्टरांना मुद्दाम हा प्रकार बघायला पाठवत. मला त्याचा गर्व होता, हे कबूल करून टाकतो.

आपटेबाई आल्या तेव्हा मी नोकरीत चांगला मुरलेला होतो. बाई पुण्याच्या. यजमान कारखान्यात डिझाइन इंजिनिअर म्हणून बदलून आले आणि बाई क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे गोळ्या न देता, बोलून आणि सवयी बदलून मनाच्या त्रासावर उपचार करणाऱ्या. इस्पितळानं त्यांना आठवड्यातून तीन दिवस ठेवून घेतलं, एक खोली दिली आणि दारावर पाटी लावली, 'मनोचिकित्सा'. दोन आठवडे त्या पाटीखाली एक माणूस फिरकला नाही. समोरच्या बाकावर बसायलाही लोक तयार नव्हते. कुणी बघितलं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या टाउनशिपला कळणार की अमक्याचं डोकं फिरलंय.

तिसऱ्या आठवड्यात बाई माझ्या खात्यात आल्या. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो कुकडे, त्या कोपऱ्यात हिरवा पडदा आहे, त्याच्यामागे काय आहे?"

"मोडक्या कुबड्या."

"त्या हलवा. मी तिथे बसते."

मी म्हटलं, "मॅडम, तुम्हाला स्वतंत्र खोली आहे, पंखा आहे. इथे तर शेकाच्या मशीनचा आवाज येतो."

"आवाज हवाच आहे. आतलं बाहेर ऐकू जाणार नाही. आणि तुमच्याकडे येणारा माणूस कमरेसाठी आला की माझ्यासाठी, हे कुणाला कळणार नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः स्टूल आणून ती पाटी उतरवली आणि माझ्या शेकायच्या मेणाच्या भांड्यामागे ठेवून दिली.

मला हे पटलेलं नव्हतं. माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आले आणि मी टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरात वाढलो. आमच्या घरी दुखणं म्हणजे ताप, हगवण किंवा मोडलेलं हाड. बाकी सगळे नखरे. मी बाईंना स्पष्ट विचारलं की एक्स-रे साफ आहे, हाड जुळलंय, तरी माणूस वर्षभर कण्हतोय, तर दुखणं मनाचंच ना?

"तुमच्या क्वार्टरशेजारी कुत्रं आहे?" त्यांनी विचारलं.

होतं. शेजारच्या चौबेंचं, भुंकून भुंकून जीव खाणारं.

"चोर येऊन गेला की ते किती वेळ भुंकतं?"

"चोर कशाला, पोस्टमन येऊन गेला तरी तासभर भुंकतं."

"मग भुंकणं खोटं असतं का? चोर नाही, एवढंच. पण तुमची झोप खरीच मोडते ना? जुनं दुखणं पुष्कळदा असंच असतं. जखम भरते, पण शरीराला पहारा द्यायची सवय लागलेली असते. माणूस घाबरला, झोप गेली, घरात ताण असला की पहारा आणखी कडक होतो. माझं काम कुत्र्याला गप्प बसवायचं नाही, त्याला हळूहळू सांगायचं की आता कुणी नाहीये."

मी म्हटलं, म्हणजे सगळेच खरे? सोंग कुणीच करत नाही?

"करतात की. पण ते तुमच्या पेनावरून कळतं असं मला वाटत नाही," असं म्हणून त्या पडद्यामागे गेल्या. मला राग आला. पेनाचं त्यांना कुणी सांगितलं होतं देव जाणे.

पुढचे काही महिने मी त्यांना निरखून बघत होतो, चूक सापडते का म्हणून. एक स्टेनो होता, त्याचं मनगट एका ठरावीक साहेबांचं डिक्टेशन घेतानाच दुखायचं. आम्ही सगळे हसायचो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्या स्टेनोला साहेबांसमोर बसून डिक्टेशन घेताना दोन वाक्यांमध्ये श्वास सोडायला शिकवलं आणि 'जरा सावकाश, सर' हे तीन शब्द पडद्यामागे कितीतरी वेळा म्हणून घेतले. पन्नाशीचा माणूस, घाम फुटायचा त्याला. एक दिवस तो मिठाई घेऊन आला. साहेबांना म्हणून बघितलं, तर साहेब म्हणाले, 'अरे, पहले क्यों नहीं बोला?' मनगटाला मी वर्षभर शेक देत होतो.

पण मला सांगायचंय ते वानखेड्यांबद्दल.

दशरथ वानखेडे वाइंडिंग शॉपमधला सगळ्यात कसबी कारागीर. मोटारीचा जो बाहेरचा, न फिरणारा भाग असतो त्याला स्टेटर म्हणतात. मोठ्या मोटारीचा स्टेटर पाण्याच्या टाकीएवढा पोकळ असतो आणि त्याच्या आत वाकून, खाचाखाचांतून तांब्याच्या कॉइली बसवाव्या लागतात, वर पट्टी गुंडाळावी लागते. वानखेड्यांनी बसवलेली कॉइल तपासायला इन्स्पेक्टर येत नसे, असं शॉपमध्ये म्हणत. एकदा कॉइल बसवताना त्यांचा पाय घसरला आणि कंबर लचकली. लचक महिना दोन महिन्यांत भरून यायला हवी होती. दोन वर्षं झाली तरी माणूस काठी घेऊन चालत होता. आधी आजारपणाची रजा, मग गेटजवळ रजिस्टरवर बसायचं हलकं काम, पुन्हा रजा. एक्स-रेत काही नव्हतं.

इथे त्या काळचा एक नियम सांगायला हवा. कामगार कायमचा 'अनफिट' ठरला तर त्याच्या एका मुलाला कारखान्यात नोकरी मिळायची शक्यता असे. नियम चांगल्या हेतूनं केलेला होता. पण वानखेड्यांचा मुलगा प्रदीप आयटीआय पास होऊन बसलेला, औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेशनच्या दुकानात रोजावर जात होता. आता सांगायची गरज नाही, टाउनशिपनं हिशेब जुळवून टाकला. 'वानखेडे पोरासाठी कंबर धरून बसलाय.' मीही तेच धरून चाललो होतो.

मेडिकल बोर्डाची तारीख पडली, तीन महिन्यांनंतरची. बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर, त्यांत एक आमचे सक्सेना. ते ठरवणार की हा माणूस कामाला लायक आहे, नालायक आहे की सोंग करतोय. तिसरं ठरलं तर खातेनिहाय चौकशी आणि आयुष्यभराच्या नोकरीवर डाग. डॉक्टर सक्सेनांनी वानखेड्यांना माझ्याकडे पाठवलं. मी विचारपूस केली, कंबर वाकवून कोन मोजला, आणि पेन पाडलं.

वानखेडे क्षणात वाकले, पेन उचललं, टोपण नीट बसवून माझ्या टेबलावर ठेवलं.

मी त्यांच्या कार्डावर लाल शाईनं एक इंग्रजी शब्द लिहिला. साध्या मराठीत त्याचा अर्थ 'सोंग'.

चार दिवसांनी बाई ते कार्ड हातात घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आवाज चढलेला नव्हता, पण मला खुर्चीतून उठावंसं वाटलं.

"पेन उचलल्यानंतर काय झालं?"

"काय होणार? गेले ते."

"कसे गेले?"

मला माहीत नव्हतं.

"सायकलवर बसता आलं नाही. सायकल हातात धरून क्वार्टरपर्यंत चालत गेले आणि तीन दिवस पडून होते. कार्ड वाचून मी जाऊन आले घरी. मी त्यांना विचारलं, वाकता येत नाही तर पेन का उचललंत? काय म्हणाले सांगू? वाइंडिंग शॉपमध्ये हातातून काही पडलं, नटबोल्ट असो की पेन्सिल, तर आहे त्या क्षणी वाकून उचलायचं. विचार करायचा नाही. कारण एक वस्तू स्टेटरमध्ये राहून गेली तर अख्खी मोटार जळते. सव्वीस वर्षांची सवय आहे, मॅडम, हात आपोआप जातो, म्हणाले. पडल्याचा आवाज आला की कंबर आहे की नाही हे आठवतच नाही." मग कार्ड टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "कुकडे, तुम्ही त्यांचं दुखणं नाही तपासलंत, त्यांचं काम तपासलंत. त्यात ते पास झाले."

मी एवढी वर्षं याच कारखान्याच्या इस्पितळात काढली. वाइंडिंगवाल्यांसमोर काही पडू नये, हे मला ठाऊक असायला हवं होतं.

बाईंनी वानखेड्यांना हिरव्या पडद्यामागे बोलावलं. ते यायलाच तयार नव्हते. माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, माझी कंबर खराब आहे, दिमाग नाही. पागलवाल्या मॅडमकडे मला का भेजता?" बाई आतून म्हणाल्या, "वानखेडे, दुखतंय हे मला मान्य आहे. ते सिद्ध करायला बोलवत नाहीये. बसा." ते बसले. त्यांची परवानगी घेऊन बाईंनी मलाही आत बसायला सांगितलं, कारण व्यायाम माझे आणि चूकही माझी.

पहिले काही दिवस त्या फक्त विचारत होत्या. केव्हा दुखतं, त्याआधी काय केलं होतं, झोप कशी, घरी कोण काय म्हणतं. वानखेडे सगळं सांगत, घरचा विषय निघाला की गप्प होत. मग बाईंनी त्यांना विचारून त्यांच्या बायकोला बोलावलं. निर्मलाबाई डोक्यावरून पदर घेऊन आल्या, हातात घरच्या चिवड्याचा डबा. बाईंनी सहज विचारलं, "यांना खूप दुखतं का हो?"

निर्मलाबाईंनी दाराकडे बघितलं, मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, तुमच्यापासून काय छुपवायचं. ते पोरासाठी करून राहिले आहेत सगळं. दोन साल झाले, मोहल्ल्यात लोक हसतात, तरी सहन करतात. प्रदीप तर रोज सकाळी त्यांच्या पाया पडून दुकानात जातो. असा बाप नाही भेटणार, मॅडम." आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी बाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा हलला नाही. त्यांनी निर्मलाबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "त्यांना खरंच दुखतंय, वहिनी." निर्मलाबाई हसल्या. समजूतदार हसू होतं ते, डॉक्टरांनीही आपल्या बाजूनं साथ द्यायचं ठरवलंय असं वाटून हसलेलं. डबा ठेवून त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी वानखेडे म्हणाले, "आता समजलं ना, मॅडम? बाहेरचे लोक झूट म्हणतात, त्याचं मला काही नाही. पण घरात... कण्हलो तर बायको म्हणते, आता इथे कोण बघतंय, आराम करा. पोरगा पाया पडतो. शिव्या दिल्या असत्या तर भांडलो असतो. पाया पडणाऱ्याशी काय भांडू?"

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"किती बार सांगितलं. ते म्हणतात, हो बाबा, दुखतंय, आम्हाला माहीत आहे. आणि हसतात." मग ते म्हणाले, "आणि मी बरा झालो तर पोराची नोकरी मी खाल्ली."

मी पुष्कळ डॉक्टर बघितलेत. या ठिकाणी बहुतेकांनी उपदेश केला असता. बाईंनी केला नाही. त्या म्हणाल्या, "काय करायचं ते तुम्ही ठरवा. बोर्डापुढे अनफिट व्हायचंय की कामावर जायचंय, हा निर्णय तुमचा. मी दोन्ही बाबतींत एकच लिहिणार आहे, की दुखणं खरं आहे. त्यासाठी तुम्हाला काही सिद्ध करावं लागणार नाही." वानखेड्यांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मला वाइंडिंग करायची आहे."

मग जे झालं तो खरा उपचार, आणि तो इतका साधा होता की मला लाज वाटली. बाईंनी त्यांना एक शाळेची वही दिली, दिवसभर काय केलं ते लिहायला. आठवडाभरात वहीतून एक गोष्ट दिसली. जरा बरं वाटलं की वानखेडे हातातलं काम संपेपर्यंत उठत नसत आणि मग चार दिवस पडून राहत. पुन्हा बरं वाटलं की पुन्हा तेच. बाई म्हणाल्या, काम संपलं म्हणून थांबायचं नाही आणि दुखलं म्हणूनही थांबायचं नाही. घड्याळ बघून थांबायचं.

इस्पितळाच्या कूलरच्या जळालेल्या मोटारी कोपऱ्यात पडल्या होत्या. त्या बाईंनी मागवून घेतल्या. वानखेड्यांनी माझ्या खात्यात, कमरेएवढ्या टेबलापाशी उभं राहून त्या भरायच्या, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायची. बारा मिनिटं काम, मग बाजूला होऊन मी सांगितलेला व्यायाम, श्वास सोडणं, मग पुन्हा बारा मिनिटं. आठवड्याला एक मिनिट वाढवायचं, जास्त नाही. बारा मिनिटं झाली की तार हातातून सोडून द्यायची, पट्टी अर्धवट लोंबत असली तरी.

ही तार सोडणं त्यांना जमत नव्हतं. मी घंटी वाजवली की ते म्हणत, "साहेब, एक फेरा राहिला फक्त." बाई पडद्यामागून म्हणत, "वानखेडे, सोडा." तो उरलेला फेरा तसाच ठेवून बाजूला होताना त्यांचा चेहरा मी बघितलाय. सव्वीस वर्षं ज्यानं काम अधुरं ठेवलं नाही त्याला अधुरं ठेवायला शिकवणं म्हणजे काय, हे मला तिथे कळलं. कमरेला वजनं लावून ताणणं त्यापुढे पोरखेळ.

मध्ये एकदा सगळं कोसळलं. शेजाऱ्याची पाण्याची मोटार जळाली आणि वानखेड्यांनी ती एका बैठकीत भरून दिली. चार तास. आठ दिवस अंथरुणात. मी चिडलो होतो, बोर्डाला तीनच आठवडे उरले होते. बाई त्यांच्या क्वार्टरवर गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "छान झालं. आता त्यांना स्वतःलाच कळलं की काय केल्यानं होतं. उद्या दहा मिनिटांपासून पुन्हा." मला त्या बाईंचा हेवा वाटला. मी तर तोवर दोनदा वैतागलो होतो.

बोर्डाच्या दिवशी सकाळी बाईंनी माझ्यासमोर वानखेड्यांचं कार्ड ठेवलं. लाल शब्द जागेवर होता. त्यांनी तो खोडायला सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, "माझा रिपोर्ट दोन पानांचा आहे, कुकडे. पण बोर्ड आधी हा शब्द वाचणार."

मला आत बोलावलं तेव्हा बोर्डाचे मोठे साहेब कार्डच बघत होते. मी उभ्या उभ्या म्हटलं, "सर, वो शब्द ग़लत है। मेरी ग़लती है।" आणि पेनाची सगळी हकिकत सांगितली, सवयीसकट. डॉक्टर सक्सेना छताकडे बघत होते. साहेबांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "कुकडे, इतने साल में पहली ग़लती?"

"नहीं सर। पहली बार पकड़ी गई है।"

खोलीत कुणी हसलं नाही. मला हे वाक्य अजून टोचतं, कारण ते खरं होतं. ज्या माणसांसमोर मी पेन पाडलं त्यांतल्या कितीजणांनी नुसत्या भिडेपोटी वाकून ते उचललं असेल आणि घरी जाऊन पडले असतील, हे मला आता कधीच कळणार नाही. त्यांची कार्डं मी पुन्हा काढून बघू शकलो असतो. तेवढी हिंमत झाली नाही.

मग वानखेड्यांना बोलावलं. काठी त्यांनी बाहेर ठेवली होती. साहेबांनी विचारलं, "दर्द है?"

"है, साहब।"

"काम कर लोगे?"

"थोड़ा थोड़ा करके, पूरा कर लूँगा, साहब।"

बोर्डानं त्यांना कामाला लायक ठरवलं. हलकं काम नाही, त्यांचंच वाइंडिंग शॉप. पहिले सहा महिने अर्धी पाळी, दर अर्ध्या तासानं उठायची मुभा आणि नव्या पोरांना शिकवायचं. हे सगळं बाईंच्या दोन पानांत जसंच्या तसं लिहिलेलं होतं.

प्रदीप बाहेर व्हरांड्यात बाकावर होता. वडील बाहेर आले, म्हणाले, "फिट केलं मला." तो उठला, त्यानं वडिलांकडे बघितलं, मग आमच्याकडे बघितलं आणि सायकल काढून निघून गेला. त्या दिवसापासून त्यानं वडिलांशी बोलणं टाकलं. पाया पडणंही बंद झालं. निर्मलाबाई बाजारात भेटल्या तर मान फिरवत. त्यांच्या लेखी बापानं शेवटच्या घडीला पोराला दगा दिला होता, आणि तो इस्पितळवाल्यांनी द्यायला लावला होता. वानखेडे कामावर जात, दर अर्ध्या तासानं उठत, घरी येऊन मुकाट्यानं जेवत. माझ्याकडे आठवड्यातून दोनदा व्यायामाला येत. पूर्वीपेक्षा सरळ चालत होते आणि पूर्वीपेक्षा एकटे झाले होते.

बाईंना हे लागलं होतं. त्यांनी प्रदीपला दोनदा निरोप पाठवला, तो आला नाही. एकदा त्या मला म्हणाल्या, "मी कमरेचं बघितलं, कुकडे. घराचं राहिलं." मी म्हटलं, मॅडम, तुम्ही नसता तर बोर्डानं त्यांना चोर ठरवलं असतं. त्या म्हणाल्या, "हो. पण त्यांना बोर्डानं खरं मानून काय उपयोग, पोरानं मानायला हवं होतं." स्वतःच्या कामाकडे इतकं उघड्या डोळ्यांनी बघणारं माणूस मला माझ्या सगळ्या नोकरीत दुसरं भेटलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आपटेसाहेबांची बदली झाली. हबीबगंज स्टेशनवर मी त्यांना पोचवायला गेलो होतो. स्टेशनाचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडी तेच बसलंय. गाडी यायला वेळ होता. बाईंनी विचारलं, "वानखेड्यांचा मुलगा बोलला का?" मी म्हटलं, नाही अजून. त्यांनी मान हलवली आणि सुरईतलं पाणी पिऊन गाडीत चढल्या. त्यांची जागा पुढे भरली गेली नाही. बजेटमध्ये ती बसत नव्हती म्हणे. हिरवा पडदा मी कुणाला काढू दिला नाही. जुनं दुखणं घेऊन कुणी आलं की मी त्या पडद्यामागे बसून, त्यांच्यासारखं जमेल तसं विचारत राहिलो. मला ते त्यांच्याइतकं कधी आलं नाही.

त्यानंतर दीडेक महिन्यानं, कूलरचे दिवस संपत आले असताना, प्रदीप माझ्या दारात उभा राहिला. हातात मोजपट्टी आणि चौकड्यांच्या वहीचा एक कागद. मला वाटलं भांडायला आलाय. त्यानं कागद टेबलावर पसरला. लोखंडी घोडीचं चित्र होतं, तिच्यावर स्टेटर ठेवायचा आणि हातानं फिरवायचा. माणसानं आत वाकायचं नाही, हवी ती खाच वर आणायची.

"आमच्या दुकानात बनवून देईन, सर. त्यांच्या फोरमनला दाखवलं, ते हो म्हणाले." तो कागदाकडेच बघत बोलत होता. "मागच्या रविवारी बाबा आंघोळ करून निघाले आणि पायात चप्पल घालत होते. मी मागे उभा होतो, त्यांना माहीत नव्हतं. दोन बार भिंत धरली. आवाज नाही काढला. कुणी बघत नव्हतं, सर. मग कुणासाठी करत होते?"

मी कागद माझ्याकडे वळवून बघितला.

"उंची पाहिजे मला. किती झुकल्यावर दुखायला लागतं त्यांना?"

तो कोन माझ्याकडे होता. कार्डावर लिहिलेला, लाल शब्दाच्या वरच्याच ओळीत. मी ड्रॉवर उघडला आणि पुन्हा बंद केला.

"मला नको विचारू. त्यांना विचार."

"सांगतील?"

"तीन वर्षं सांगताहेत."

त्यानं कागदाची घडी केली आणि गेला.

दुसऱ्या दिवशी वानखेडे व्यायामाला आले. शर्ट काढून खुंटीला लावला, खाटेवर पालथे झोपले. मी कमरेवर हात ठेवला तर ती नेहमीसारखी ताठ नव्हती. मग उशीत तोंड ठेवूनच म्हणाले, "काल पोरानं विचारलं, साहेब."

"काय?"

"किती दुखते म्हणून."

"मग? सांगितलं?"

"सांगितलं. पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं. त्याची भाजी थंडी होऊन गेली, पण उठला नाही तो."